थोडक्यात निभावले

मराठीत काही शब्दप्रयोग असे आहेत की, ते उच्चारले म्हणजे पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. ‘चालायचेच’ हा त्यांतला एक. ‘नशिबात होते’ हा दुसरा. आणि तिसरा, दिसायला अगदी साधाभोळा पण माझ्या मते सर्वांत लबाड, तो म्हणजे ‘थोडक्यात निभावले’. जिन्यावरून घसरलेले पोर शेवटच्या पायरीवर सावरले, गॅसवर विसरलेल्या दुधाचा करपट वास वेळेवर शेजारणीला आला, रस्ता ओलांडताना मालमोटार पदराला वारा घालून गेली, की आपण हा शब्द उच्चारतो. मग मीठमोहऱ्या ओवाळल्या जातात, कुणी मारुतीला नारळ बोलतो, चहा होतो, आणि विषय मिटतो. जे घडता घडता राहिले त्याची नोंद कुठेही होत नाही. घडले असते तर पंचनामा झाला असता. न घडलेल्या गोष्टीचा पंचनामा कोण करणार?

तो करणारी माणसे जगात आहेत. मोठ्या बंदरांच्या तोंडाशी, जिथे एकाच पाणवाटेने लहानमोठी शेकडो जहाजे जा-ये करीत असतात, तिथे दोन जहाजांची टक्कर होण्याचा धोका किती, हे आधीच मोजून ठेवण्याचे एक शास्त्र आहे. झालेल्या अपघातांपेक्षाही टळलेल्या अपघातांवर त्या शास्त्राची अधिक भिस्त असते. म्हणजे ज्या ठिकाणी आपण हुश्श करून वही मिटतो, त्या ठिकाणी ही मंडळी वही उघडतात!

आता शिरूर-दौंडकडच्या मराठीच्या प्राध्यापिकेने जहाजांच्या गोष्टी सांगाव्यात, याचे कुणालाही हसू येईल. माझे माहेर दौंडचे, नोकरी शिरूरला. एकीकडे भीमा, दुसरीकडे घोड. उन्हाळ्यात त्यांच्या पात्रात पाणी शोधावे लागते, तिथे जहाज कुठले आले? आमच्या लहानपणी जलप्रवास म्हणून ठाऊक होता तो एकच. दौंडहून शिरापूरला जायचे आणि तिथून नावेत बसून भीमा ओलांडून सिद्धटेकच्या गणपतीला. आता तिथे पूल झाला आहे. पण त्या वेळच्या नावाड्याची एक लकब माझ्या मनात राहिली आहे. चतुर्थीला गर्दी उसळे, पण तो माणसे कधी मोजत नसे. नावेचा काठ पाण्यापासून किती बोटे वर राहिला, हे तो पाहायचा आणि एकाएकी हात आडवा धरून ‘बस्स!’ म्हणायचा. मागे राहिलेले लोक चिडत, रागावत, देवाची शपथ घालीत. त्याचा हात हलत नसे.

शिवाय समुद्र आमच्यापासून वाटतो तितका दूरही नाही. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतून निघालेले कंटेनर नगर रस्त्याने न्हावाशेव्याच्या बंदराकडे जातात. आमची एस.टी. त्यांच्या मागे रांगत असते तेव्हा या अवाढव्य पेट्या पुढे कुठे जातात, कोणत्या गर्दीत शिरतात, याचा विचार आमच्यापैकी कुणी करीत नाही. मीही केला नसता. पण माझा एक जुना विद्यार्थी जहाजावर अधिकारी आहे. दौंडच्या रेल्वेवाल्याचा मुलगा, रुळांच्या आवाजावर वाढलेला, आणि गेला तो थेट समुद्रावर. गेल्या दिवाळीत तो भेटायला आला आणि फराळाच्या ताटावर त्याने मला हे सारे शास्त्र समजावून दिले. दोन करंज्या म्हणजे दोन जहाजे, शेवेची दोन पुंजकी म्हणजे बंदराचे दोन काठ आणि मधली रिकामी जागा म्हणजे पाणवाट.

“मॅडम, जहाजाला ब्रेक नसतो,” हे त्याचे पहिले वाक्य. भरवेगात निघालेले मोठे जहाज थांबवायचे म्हटले तर दोन-तीन किलोमीटर पाणी लागते. बंदरात वेग कमी ठेवावा, तर सुकाणू आपला शब्द ऐकेनासे होते. बाजूला सरावे, तर खोल पाण्याची वाट अरुंद. तिच्या बाहेर गाळ नाहीतर खडक. त्यात भरती-ओहोटीची ओढ आणि पावसाळी धुके. जमिनीवर ज्याला आपण ‘ऐन वेळी’ म्हणतो, ती वेळ समुद्रावर अर्धा तास आधीच येऊन गेलेली असते.

म्हणून समुद्रावर नियम आहेत, आणि ते मोठे देखणे आहेत. आज जगभर चालतात ते १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून अमलात आले. अरुंद वाटेत प्रत्येकाने आपल्या उजव्या काठाने चालावे. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळावे. वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे जहाज दिसते त्याने त्याला वाट द्यावी. रात्री डाव्या बाजूला तांबडा दिवा आणि उजव्या बाजूला हिरवा. त्यामुळे उजवीकडून आडवे जाणाऱ्या जहाजाचा तांबडा दिवा दिसतो आणि तुम्ही वाट द्यावी हे तो रंगच सांगतो.

पण मला खरा चटका लावला तो एका निराळ्याच नियमाने. दूरचे जहाज आपल्याला जर एकाच दिशेला स्थिर दिसत असेल, पुढेही सरकत नसेल आणि मागेही पडत नसेल, फक्त हळूहळू मोठे होत असेल, तर समजावे की टक्कर होणार. जे भराभरा हलताना दिसते ते निघून जाते. मी दौंडची असल्यामुळे हे मला लगेच पटले. बस आणि आगगाडी दोन्ही एका फाटकाकडे धावत असताना बसच्या ज्या काचेत इंजिन दिसते त्याच काचेत ते टिकून राहिले, तर दोघांची गाठ फाटकावरच पडावयाची. संसारातसुद्धा आपण धावपळीची संकटे पाहून घाबरतो. जे संकट एका जागी शांत उभे असल्यासारखे दिसते, त्याची सवय होऊन जाते.

या नियमांनंतर येते ती मोजणी. १९७१ च्या सुमारास जपानमधल्या फुजी नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रडारवर जहाजांची ये-जा पाहून एक गोष्ट नोंदली. प्रत्येक जहाज स्वतःभोवती लंबवर्तुळासारखी एक जागा राखून चालते आणि दुसऱ्याला तीत येऊ देत नाही. मोकळ्या पाण्यात ही जागा लांबीला सुमारे आठ जहाजांएवढी, तर रुंदीला तीन जहाजांच्या लांबीहून थोडी अधिक. हे ऐकताच मला माझ्या आजीची आठवण झाली. ओल्या लुगड्यात देवघराकडे निघालेली आजी आपल्याभोवती असेच एक अदृश्य वर्तुळ घेऊन चाले आणि आम्ही पोरे भिंतीला चिकटून उभी राहत असू. जहाजांचेही सोवळे असते म्हणायचे! आणि गर्दीत सोवळे आखडावे लागते, तसे बंदरात हे वर्तुळही आखडते. कुठे, केव्हा, किती आखडले, कोण कुणाच्या वर्तुळात शिरून निसटले, हे मोजणे म्हणजेच ‘थोडक्यात निभावले’ची नोंद. आज मोठ्या जहाजांवर एक यंत्र असते. ते आपले नाव, जागा, वेग आणि दिशा दर थोड्या सेकंदांनी आकाशवाणीसारखी सांगत राहते. ती सांगी साठवून ठेवली की वर्षभरातल्या साऱ्या गाठीभेटी कागदावर उतरतात.

मग गणित असे मांडतात. समजा, कुणीच सुकाणू हलवले नाही, सारे डोळे मिटून सरळ चालले, तर टकरा किती होतील? हा पहिला आकडा. प्रत्यक्षात माणसे डोळे उघडे ठेवतात, वळतात, शिट्टी देतात. तरीही शंभरात, हजारात केव्हातरी कुणी पेंगतो, कुणाला बोलणे ऐकू जात नाही, कुणाचे यंत्र बिघडते. असे किती वेळा होते? गेल्या पन्नास वर्षांतल्या अभ्यासांतून हा दुसरा आकडा साधारण दहा हजारांत एक, थोडा मागेपुढे, असा निघाला आहे. दोन्हींचा गुणाकार करायचा. एखाद्या बंदरात दिवसाला अशा वीस गाठी पडतात असे उदाहरणादाखल धरले, तर पाचशे दिवसांत एक टक्कर. “बरेच झाले की,” मी म्हटले. तो हसला. “मॅडम, आता दोन्ही वाटांवरची जहाजे दुप्पट करा.” मी चाळीस म्हणणार होते, पण त्याने ताटात आणखी दोन करंज्या ठेवल्या. इकडच्या प्रत्येकाची गाठ तिकडच्या प्रत्येकाशी पडू शकते, म्हणून गाठी दुप्पट होत नाहीत, चौपट होतात. वीसाच्या ऐंशी, आणि पाचशे दिवसांचे सव्वाशे. व्यापार दुप्पट झाला म्हणून आपण पेढे वाटतो, तेव्हा धोका चौपट झाला हे कुणी सांगत नाही.

हे गणित मुंबईच्या दारात मांडून पाहावे. बंदराचे तोंड एक. आत मुंबई बंदर, समोर १९८९ साली सुरू झालेले न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर, शेजारी नौदलाची गोदी. मोठ्या जहाजांची खोल पाण्याची वाट दोन्ही बंदरांना मिळून एक. त्यात घारापुरी आणि मांडव्याच्या प्रवासी होड्या, कोळ्यांचे मचवे, टग, तराफे. ७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी न्हावाशेव्याहून निघालेले ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारे ‘खलिजिया-३’ यांची या पाण्यात टक्कर झाली. ‘चित्रा’ कलंडले. त्यावरच्या बाराशेहून अधिक कंटेनरांपैकी सुमारे तीनशे पाण्यात पडले आणि तरंगत वाटेत आले. शेकडो टन तेल सांडून किनारे काळे झाले. दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली, आणि मुंबईकरांना मासळी खाताना विचार करावा लागला. सुदैवाने माणसे वाचली. पुढे सहा महिनेही झाले नाहीत, तोच ३० जानेवारी २०११ रोजी नौदलाची ‘विंध्यगिरी’ ही युद्धनौका ‘नॉर्डलेक’ या व्यापारी जहाजाशी भिडली. नौसैनिकांची बायकामुले त्या दिवशी समुद्राची सैर करायला नौकेवर आली होती. नौकेला आग लागली, दुसऱ्या दिवशी ती धक्क्याशी बुडाली. पण त्या मुलाबाळांपैकी कुणाला काही झाले नाही. दोन्ही वेळा बातम्या वाचून आपण घराघरांतून काय म्हणालो असू, हे सांगायला नकोच.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मात्र तो शब्द उच्चारता आला नाही. गेट वेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी होडीवर शंभराहून अधिक माणसे होती. नौदलाची एक वेगवान नौका इंजिनाची चाचणी घेत फिरत होती. तिच्यावरचा ताबा सुटला आणि ती होडीवर येऊन आदळली. पंधरा माणसे गेली. हिवाळ्याची दुपार, मुलांच्या हातात खाऊच्या पिशव्या, लेणी पाहायला निघालेली कुटुंबे. तुमच्या-आमच्यासारखीच. आमच्या बाजूच्या शाळा-कॉलेजांच्या सहलीही ‘मुंबई दर्शना’त हीच होडी धरतात. त्या दिवशी दूरदर्शनवर ते दृश्य पाहताना माझ्या डोळ्यांपुढे नीलकमल नव्हती. लाकडी फळीवर दाटीने बसून फोटो काढणाऱ्या माझ्याच वर्गातल्या मुली होत्या.

मी माझ्या विद्यार्थ्याला हाच प्रश्न विचारला. इतके मोजता, तर ही होडी तुमच्या गणितात कुठे होती? तो पहिल्यांदा गप्प झाला. मग म्हणाला, “मोठे जहाज आपली नोंद आपणच करते. पुष्कळ लहान होड्यांवर ते यंत्र नसते. त्या आमच्या नकाशावर एक तर दिसत नाहीत, किंवा एखाद्या ठिपक्यासारख्या दिसतात.” म्हणजे ज्या नौकेवर वीस-पंचवीस खलाशी आणि हजारो पेट्या, तिची क्षणाक्षणाची नोंद; आणि जिच्यावर शंभर माणसे, तिची नोंद नावाड्याच्या डोक्यात! नीलकमलनंतर होडीतल्या प्रवाशांना जीवरक्षक जाकीट सक्तीचे झाले. ते हवेच होते. पण जाकिटाचे काम टक्कर झाल्यावर सुरू होते. धोक्याला दोन अंगे असतात, टक्कर होण्याचा संभव आणि झाल्यास होणारी हानी. जाकिटाने दुसरे अंग झाकले. पहिल्यासाठी आदल्या दिवशी, आदल्या महिन्यात कोण कुणाच्या किती जवळून गेले, याचा हिशेब असावा लागतो.

असा हिशेब नसला म्हणजे काय होते, याचे भयंकर उदाहरण कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदराचे आहे. ६ डिसेंबर १९१७ रोजी तिथल्या चिंचोळ्या पाण्यात ‘इमो’ आणि ‘माँ-ब्लाँ’ ही जहाजे एकमेकांना लागली. वेग फार नव्हता. पण माँ-ब्लाँ स्फोटकांनी भरलेले होते. आग लागली, वीसेक मिनिटांत स्फोट झाला आणि सुमारे १,८०० माणसे मेली. इमो चुकीच्या बाजूने येत होते ते का? तर त्याच्या थोडेच आधी समोरून आलेल्या दोन नौकांना चुकवता चुकवता ते आपली बाजू सोडून पलीकडे सरकत गेले होते. म्हणजे त्या महास्फोटाच्या आधीच्या काही मिनिटांत, त्याच पाण्यात, दोनदा ‘थोडक्यात निभावले’ होते.

उपाय नसतो असे नाही. इंग्लंड-फ्रान्समधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीत १९६७ पासून जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची वाट नकाशावर वेगळी आखली, आणि समोरासमोरच्या टकरा पुष्कळच कमी झाल्या. आमच्या रेल्वेने तर हे फार पूर्वीच ओळखले होते. दौंड-मनमाडच्या एकेरी मार्गावर माझ्या विद्यार्थ्याचे वडील गार्ड होते. ते सांगत की, पुढच्या टप्प्याचा लोखंडी गोळा चामडी पिशवीतून हातात पडल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही. एका टप्प्याला एका वेळी एकच गोळा निघणार. गोळा तुमच्याकडे, तर समोरून कुणी येणार नाही. “आमच्याकडे गोळा नसतो,” मुलगा म्हणाला, “रेडिओवरून एकमेकांचा शब्द असतो आणि नियंत्रण कक्षात बसलेला एक जागा माणूस असतो.” त्या जाग्या माणसाला रोजचे बारीकसारीक निसटणे कळले, तरच तो जागा असल्याचा उपयोग.

तो गेल्यावर मी एक गोष्ट केली. आमच्याकडे निबंधाचा एक अजरामर विषय आहे, ‘मी पाहिलेला अपघात’. पिढ्यान् पिढ्या मुले त्यात रक्ताचे थारोळे आणि बघ्यांची गर्दी लिहीत आली आहेत. या वर्षी मी प्रथम वर्षाच्या वर्गाला विषय दिला, ‘न झालेला अपघात’. जागा, वेळ, आणि किती हातांच्या अंतराने चुकला, एवढे लिहायचेच. आरंभी मुले बुचकळ्यात पडली. मग असे लिहू लागली की, तास संपला तरी वह्या मिटेनात. माझ्याकडे त्रेचाळीस वह्या आल्या. भाषा सुमार, शुद्धलेखनाचा आनंद. पण वाचता वाचता माझा तांबडा पेन बाजूला राहिला. सतरा वह्यांत एकच वळण होते. शिरूरहून खाली उतरणाऱ्या रस्त्यावरचे, उसाच्या फडाआड लपलेले. हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर तिथून निघतात आणि मागच्या ट्रॉलीला ना दिवा, ना चमकणारी पट्टी. कुणी हातभर अंतराने वाचला होता, कुणाच्या वडिलांची मोटारसायकल शेतात गेली होती, एकीने लिहिले होते की, उसाची टिपरी तिच्या खांद्याला लागून गेली. या सतराजणांनी एकमेकांना हे कधी सांगितलेले नव्हते. प्रत्येकाच्या घरी मीठमोहऱ्या ओवाळल्या गेल्या होत्या.

त्या सतरा वह्या घेऊन मी एका कचेरीत गेले. साहेब सभ्य होते, त्यांनी खुर्ची दिली, वह्या चाळल्या, आणि विचारले, “मॅडम, या वळणावर अपघात किती झालेत?”

“अजून एकही नाही.”

“मग?” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात उपहास नव्हता, खरेच कुतूहल होते. त्यांच्याकडच्या छापील तक्त्यात मृतांचा रकाना होता, जखमींचा होता. माझ्या वह्या बसतील असा रकाना नव्हता.

“साहेब,” मी म्हटले, “तो होईल तेव्हा निबंध तपासायला मी कदाचित असेन. लिहिणारी सतराच्या सतरा असतील की नाही, हे मात्र मला सांगता येत नाही.”

त्यांनी वह्या ठेवून घेतल्या. दोन महिन्यांनी त्या वळणावर पांढरा पट्टा आला आणि दोन चमकते खांब उभे राहिले. ट्रॉल्यांना पट्ट्या लागायच्या आहेत. ऊसतोडीचा हंगाम आता तोंडावर आला आहे, म्हणून पुढच्या वर्गालाही मी तोच विषय देणार आहे. घारापुरीच्या वाटेवरच्या नावाड्यांनाही कुणीतरी अशी एक वही द्यावी. आज कोण किती जवळून गेले, एवढेच त्यांनी रोज संध्याकाळी तिच्यात लिहावे. शिरापूरच्या आमच्या नावाड्याला लिहिता येत नव्हते. पण ‘बस्स’ केव्हा म्हणायचे, हे त्याला कळत होते.